घरातल्या चार सायकली, एक काटा आणि एक घाट : वजन-वेगाची तुलना घरच्या घरी कशी करावी

आमच्या पार्किंगमध्ये चार सायकली आहेत. पहिली नानांची काळी अ‍ॅटलास, २८ इंची, रॉडच्या ब्रेकची. तिच्या दांडीवर बसून मी बालवाडीत गेलो आहे. (अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला, तेव्हा मी ही सायकल पुसून परत वापरायला काढली.) दुसरी अल्युमिनियमची हायब्रिड, सरळ हँडलची. तिसरी स्टीलच्या फ्रेमची टूरिंग, कॅरिअर आणि मडगार्डसकट. चौथी रोड बाइक, बारीक टायरची, वाकड्या हँडलची.

पावसाळा संपल्यावर मुलाने २०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर सायकलने पुरं करायची फेरी, शर्यत नव्हे) स्वतःचं आणि माझं नाव घातलं आणि विचारलं, "बाबा, तू यातली कुठली नेणार?" "सगळ्यात हलकी असेल ती," मी म्हणालो. त्यावर तो म्हणाला, "हलकी म्हणजे किती? आणि हलकी तीच वेगवान, हे कशावरून?" दोन्हींचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वीसेक वर्षं सायकल चालवूनही एकीचंही खरं वजन मला माहीत नव्हतं. वेगाबद्दल जे माहीत होतं ते सगळं 'वाटतं' या सदरातलं.

मग आम्ही दोघांनी दोन महिने मोजमाप केलं. कसं केलं, कुठे चुकलो आणि आकड्यांतून काय निघालं ते इथे क्रमाने लिहितो. महागडी साधनं लागली नाहीत. बॅगा तोलायचा लटकता काटा, नाडी दाखवणारा छातीचा पट्टा, मोबाइल, मापाची टेप, गेज असलेला उभा पंप आणि एक वही, एवढ्यात काम झालं.

पहिलं काम : प्रश्न वहीत लिहा

"कुठली चांगली" हा मोजता येण्यासारखा प्रश्न नाही. "२०० किलोमीटरला, माझ्या दमात, कुठली किती वेळ वाचवते" हा आहे. तुमचा प्रश्न रोज ऑफिसला जाण्याचा असेल तर चाचणीचा रस्ता वेगळा निघेल, सिंहगड चढण्याचा असेल तर आणखी वेगळा. माझा बीआरएमचा होता. तिथे २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किलोमीटरच्या आतच सरासरी पुरते. हे आधी लिहून ठेवल्याचा पुढे फार उपयोग झाला, कारण पाच-दहा मिनिटांचा फरक दिसला की माणूस हुरळतो आणि तो फरक आपल्याला खरंच हवा आहे का, हे विसरतो.

सायकली एका पातळीवर आणा

पहिल्या रविवारी आम्ही उत्साहाने थेट घाटात गेलो. ते सगळे आकडे नंतर खोडावे लागले. हायब्रिडच्या मागच्या चाकाला आउट होता, म्हणजे ते डगमगत फिरत होतं, आणि दर फेरीला रिम ब्रेकच्या रबराला घासत होती. आम्ही सायकल मोजत नव्हतो, तिची हेळसांड मोजत होतो.

म्हणून आधी ही कामं उरका. चाक उचलून फिरवा. ते आवाज न करता बराच वेळ फिरलं पाहिजे आणि थांबताना व्हॉल्व्हच्या वजनाने किंचित मागे-पुढे झुललं पाहिजे. न झुलता गपकन थांबलं तर आसावरचे कोन (बेअरिंगला टेकणारे नट) जास्त आवळले आहेत, ग्रीस सुकलं आहे किंवा ब्रेक लागतो आहे. आउट काढून घ्या. चेन रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून, प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल टाका आणि वरचं पुसून घ्या. सुकलेली, मातीने भरलेली चेन तुमच्या पायातली ताकद गुपचूप खाते.

सीटची उंची चारही सायकलींवर एकच हवी. पॅडल सर्वात खाली असताना पॅडलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि सगळीकडे तेवढंच ठेवा. मी सीटच्या नळीवर इन्सुलेशन टेपची पट्टी गुंडाळून खूण केली. मुलगा माझ्यापेक्षा थोडा उंच, त्याच्या खुणेची टेप लाल.

हवा मात्र दर वेळी, चाचणीच्याच सकाळी, गेज बघून भरायची. माझ्या वजनाला, म्हणजे ७० किलोला, मी हे आकडे ठरवले : रोड बाइकच्या २५ मिलिमीटरच्या टायरला ८५ पीएसआय, टूरिंगच्या ३५ मिलिमीटरला ५५, हायब्रिडच्या ४० मिलिमीटरला ५०. काळ्या सायकलचा व्हॉल्व्ह जुन्या पद्धतीचा, आत रबरी नळी असलेला. त्याला गेज खरा दाब सांगत नाही, कारण ती नळी उघडायलाच काही दाब लागतो आणि गेजमध्ये तोही मिसळतो. तिथे मी पंपाचे दट्टे मोजले आणि दर वेळी तेवढेच मारले. आकडा नेमका नसला तरी दर वेळी सारखा राहतो, आणि तुलनेला तेवढं पुरतं.

वजन

आधी काट्याचं वजन तपासा, मग सायकलचं. आमचा काटा ५० किलोपर्यंतचा, घरात पडून असलेला. मी १० किलो तांदळाची पिशवी वाण्याच्या शिक्का मारलेल्या काट्यावर तोलून घेतली आणि घरी येऊन याला लटकवली. ६० ग्रॅमचा फरक आला. प्रत्येक वजनातून तेवढ्याच प्रमाणात वजा केलं की झालं.

सायकल लटकवायला आमच्या गॅलरीतल्या झोपाळ्याची कडी कामी आली. झोपाळा काढला, कडीत काटा अडकवला, काट्याच्या हुकात जाड सुती पट्टा आणि पट्टा सीटच्या टोकाखालून. सायकल किंचित तिरकी लोंबकळली तरी चालतं. जमिनीला, भिंतीला टेकता कामा नये. ती डोलायची थांबली की आकडा घ्या, उतरवा, पुन्हा लटकवा. तीनदा घेऊन मधला आकडा लिहा. लटकता काटा नसेल तर उभं राहायच्या वजनकाट्यावर आधी तुम्ही एकटे, मग सायकल उचलून, आणि वजाबाकी. पण त्यात पाव किलोपर्यंत चूक धरून चला.

कशासकट तोलायची हा खरा वादाचा मुद्दा. कॅटलॉगातलं वजन बहुतेकदा पॅडलशिवायचं आणि लहान मापाच्या फ्रेमचं असतं. माझी रोड बाइक कागदावर ८.७ किलोची, झोपाळ्याच्या कडीला ९.३ भरली. मी नियम असा केला : सायकलला कायमचं जे जोडलेलं आहे ते सगळं धरायचं. पॅडल, स्टँड, कॅरिअर, मडगार्ड, चेनकव्हर, डायनामो, बाटलीचा पिंजरा, सगळं. काढून खिशात टाकता येतं ते धरायचं नाही. पाण्याची बाटली, पंक्चरचं सामान आणि पंप चारही सायकलींना तेच वापरायचं आणि ते माणसाच्या वजनात मोजायचं.

आमचे आकडे असे आले :

रोड बाइक : ९.३ किलो
हायब्रिड : १३.४ किलो
टूरिंग : १४.९ किलो
काळी अ‍ॅटलास : २१.६ किलो

मुलाने काळी सायकल कडीला लावली तेव्हा पट्टा करकरला आणि आतून आई ओरडली, "झोपाळ्याची कडी उपटाल!" २१.६. शंका आली म्हणून चौथ्यांदाही लटकवली, तेवढेच भरले. नाना रोज यावरून कामाला जायचे, मागे दळणाचा डबा असायचा. तो आकडा वहीत लिहिताना माझा हात थोडा थांबला.

आता याहून महत्त्वाचं वजन घ्या : तुमचं. चाचणीच्या कपड्यांत, हेल्मेट-बूट घालून, भरलेली बाटली आणि सामानाची पिशवी हातात धरून काट्यावर उभे राहा. मी ७३ किलो भरलो. म्हणजे घाट चढताना रोड बाइकवर ८२.३ किलो वर जातात आणि हायब्रिडवर ८६.४. नुसत्या सायकली शेजारी ठेवल्या तर हायब्रिड ४४ टक्क्यांनी जड. माणूस वर बसला की फरक ५ टक्के. हलक्या सायकलीसाठी पैसे मोजताना पहिला आकडा डोळ्यांपुढे नाचत असतो. रस्त्यावर चालतो तो दुसरा.

शर्यतीच्या जगातही याला मर्यादा घातलेली आहे. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, २००० साली शर्यतीच्या सायकलचं किमान वजन ६.८ किलो ठरवलं. म्हणजे माझी रोड बाइक त्या सीमेपासून अडीच किलो दूर आहे. हा अडीचचा आकडा पुढे परत भेटेल.

उतारावर सोडून बघा

ही चाचणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त बोलणारी. तिच्यापासून सुरुवात करा असं मी मनापासून सांगेन.

छोटासा उतार शोधा, ज्याच्या पुढे लांब, सरळ, सपाट रस्ता आहे. आम्हाला वसाहतीच्या मागच्या बाजूला असा मिळाला : उतार जेमतेम अर्धा मीटर उंचीचा आणि पुढे शंभरेक मीटर डांबरी रस्ता, सकाळी सहाला मोकळा. वरच्या कडेला खडूची रेघ मारा. पुढचं चाक रेघेवर, दोन्ही पाय पॅडलवर, मुलाने सीट धरलेली. तो सोडतो, ढकलत नाही. पॅडल मारायचं नाही, ब्रेक लावायचा नाही, अंग हलवायचं नाही. तोल जाऊन पाय जमिनीला लागला तिथे खूण, आणि टेपने अंतर.

उतार छोटाच का? कारण वेग कमी राहिला की हवेचा अडथळा कमी राहतो आणि उरतं ते मुख्यतः टायरचं घर्षण. आणि यातली खुबी अशी की उतारावर खाली ओढणारा जोर वजनाच्या प्रमाणात असतो, टायरचं घर्षणही वजनाच्या प्रमाणात. दोन्हीकडून वजन कटतं. जड सायकलला इथे ना फायदा ना तोटा. मोठ्या उतारावर तसं नाही. तिथे हवा कापायला जडपणा मदत करतो, आणि जोखीम आहे ती वेगळीच. घाटाच्या उतरणीवर वेगाच्या चाचण्या करू नका.

प्रत्येक सायकल पाचदा सोडली आणि मधला आकडा घेतला. रोड बाइक ८१ मीटर गेली. टूरिंग ७५. हायब्रिड ६०. काळी ५३.

इथे मी थबकलो. टूरिंग हायब्रिडपेक्षा दीड किलो जड, आणि तरी पंधरा मीटर पुढे. वजन तर या चाचणीतून कटलेलं. राहिले टायर. टूरिंगचे टायर पातळ, मऊ बाजूंचे, दोन बोटांत चिमटले तर सहज दबतात. हायब्रिडचे सायकलबरोबर आलेले, जाड रबराचे. चिमटायला गेलं तर अंगठा दुखतो. टायर जमिनीला टेकतो तिथे दर क्षणी दबतो आणि परत फुगतो, आणि जाड, कडक रबर ही उठबस करताना जास्त ताकद खातं. टायर रुंद आहे की बारीक यापेक्षा तो कशाचा बनला आहे, हे इथे जास्त बोलतं.

घाट

चढासाठी आम्ही पुण्याजवळच्या बोपदेव घाटातला तुकडा धरला. घाटातल्या दोन पक्क्या खुणा निवडल्या, मधलं अंतर २ किलोमीटर आणि चढ सुमारे १०० मीटर, म्हणजे सरासरी ५ टक्के. खुणा पक्क्याच हव्यात : किलोमीटरचा दगड, मोरी, वळणाचा फलक. मोबाइलच्या जीपीएसला सुरुवात-शेवट ठरवू देऊ नका. वळणाच्या रस्त्यावर तो कधी वीस मीटर अलीकडे तर कधी पलीकडे समजतो. बटण हाताने दाबा. अंतर चाकाने मोजायचं असेल तर व्हॉल्व्ह खाली ठेवून, सायकलवर बसून, तीन पूर्ण फेरे पुढे जा आणि अंतराला तीनने भागा. २५ मिलिमीटरच्या टायरला २.१० मीटरच्या आसपास येतं, काळ्या सायकलला २.२३.

वेग ठरवून चढायचं नाही, दम ठरवून चढायचं. छातीचा पट्टा बांधून मी नाडी १५० वर धरली : १५३ झाली की हलकं, १४७ झाली की जोर. पॉवर मोजणारी पॅडल असतील तर उत्तमच, ती एका सायकलवरून दुसरीवर लावता येतात. माझ्याकडे नाहीत. नाडीचे दोन दोष सांभाळावे लागतात. ती उशिरा चढते, म्हणून घरून पायथ्यापर्यंतची वाट हाच सराव धरला आणि चढ सुरू व्हायच्या आधीच नाडी १३० च्या वर आणली. आणि ऊन वाढलं, अंग तापलं की त्याच ताकदीला ती जास्त दाखवते. म्हणून सकाळी सहा ते आठ एवढाच वेळ.

या दुसऱ्या दोषावर क्रमाचा उपाय आहे. एका सकाळी दोनच सायकली घ्यायच्या. मी एकीवर, मुलगा दुसरीवर. खाली येऊन अदलाबदल करायची आणि सीट आपापल्या टेपवर आणायची. माझा क्रम असा : पहिली, दुसरी, दुसरी, पहिली. थकवा वाढत जातो, पण दोघींच्या वाट्याला सारखाच येतो. नुसतं "आधी ही, मग ती" केलं तर नंतरची बिचारी नेहमी हरते. तीन रविवारांत तीन जोड्या झाल्या आणि प्रत्येक सायकलच्या चार-चार वेळा हाती आल्या (मिनिटं.सेकंद) :

रोड बाइक : ८.५५, ९.०१, ८.५८, ९.०२, सरासरी ८ मिनिटं ५९ सेकंद
टूरिंग : ९.३२, ९.३९, ९.४३, ९.३८, सरासरी ९ मिनिटं ३८ सेकंद
हायब्रिड : ९.४०, ९.४४, ९.५१, ९.४५, सरासरी ९ मिनिटं ४५ सेकंद

सरासरीच्या आधी त्या चार-चार आकड्यांतला विखुरलेपणा बघा. एकच सायकल, तोच मी, तीच नाडी, आणि तरी दहाएक सेकंद इकडे-तिकडे होतात. याचा अर्थ आमची मोजपट्टीच दहा सेकंदांची आहे. टूरिंग आणि हायब्रिडमधला सात सेकंदांचा फरक त्यात बुडतो. मी एवढंच म्हणू शकतो की दोघी चढावर बरोबरीच्या आहेत. पण एक दीड किलोने जड असून बरोबरीची आहे, हे उताराच्या चाचणीशी जुळतं.

काळी सायकल मी या यादीत घातली नाही. चढली ती, १० मिनिटं ४५ सेकंदांत, पण नाडी १५० वर धरणं जमलं नाही. तिला एकच गिअर : पुढे ४४ दाते, मागे १८. पॅडलच्या एका फेऱ्यात ती ५.४५ मीटर पुढे जाते. ताशी ११ किलोमीटरच्या वेगाला हे मिनिटाला ३४ फेरे झाले. एवढ्या सावकाश पॅडल मारताना जवळजवळ प्रत्येक फेऱ्याला सीटवरून उठून अंगाचं वजन टाकावं लागतं. वरच्या वळणावर तर मी पॅडलवर उभा होतो, दांडी गुडघ्यांच्या मधे डाव्या-उजव्या बाजूला झुलत होती आणि नाडी १६८. तिथे वजनापेक्षा गिअर आडवा येतो. ज्या सायकलला तो चढ चढायचा गिअरच नाही तिची वजनासाठी तुलना करणं बरोबर नाही.

वजन वजा करून बघा

आता गणिताचा एक छोटा तुकडा, चुकवू नका, कारण सगळी तुलना त्यावर उभी आहे. एकूण वजन किलोत, गुणिले ९.८१, गुणिले चढ मीटरमध्ये, भागिले सेकंद. आलेला आकडा वॉटमध्ये असतो : नुसतं वर उचलण्यात तुमची किती ताकद खर्ची पडली तो.

रोड बाइक : ८२.३ × ९.८१ × १०० ÷ ५३९ = १५० वॉट.
टूरिंग : ८७.९ × ९.८१ × १०० ÷ ५७८ = १४९ वॉट.
हायब्रिड : ८६.४ × ९.८१ × १०० ÷ ५८५ = १४५ वॉट.

तिन्ही वेळा नाडी तीच, म्हणजे पायाची ताकद साधारण तीच. रोड आणि टूरिंग दोघींनी त्यातली सारखीच ताकद वर उचलण्याला दिली. टूरिंग मागे पडली ती जवळजवळ पूर्णपणे वजनामुळे. हायब्रिडने मात्र ५ वॉट वाटेत कुठेतरी सांडले.

दुसऱ्या बाजूनेही ताळा घ्या. अशा चढावर एक किलो वाढला की दर दहा मिनिटांना साधारण सात सेकंद जातात. रोड आणि हायब्रिडमध्ये ४.१ किलोचा फरक, म्हणजे पंचवीसेक सेकंद. प्रत्यक्ष फरक ४६ सेकंदांचा आला. उरलेले वीसेक सेकंद वजनाचे नाहीत. ते टायरचे आणि थोडे ताठ बसून छातीवर हवा घेण्याचे.

सात सेकंदांचा हा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. तुम्ही ४० मिनिटांचा चढ चढत असाल तर एका किलोमागे २७-२८ सेकंद वाचतात. सायकलचं सामान हलकं करायला दुकानदार किलोमागे किती पैसे मागतो ते विचारा आणि शेजारी हे सेकंद लिहा. भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो, हेही तिथेच लिहा. चाकाच्या कडेचं वजन दुप्पट मोजलं जातं असं जे म्हणतात ते वेग वाढवतानापुरतं खरं आहे. एका लयीत घाट चढताना किलो हा किलोच असतो, चाकात असो की कॅरिअरवर.

सपाट रस्ता

घाट चढून गेल्यावर भिवरीच्या पुढे जवळजवळ सपाट रस्ता मिळतो. तिथे ५ किलोमीटर जायचं, वळायचं, ५ किलोमीटर यायचं. नाडी १४० वर. जाऊन-येऊन केल्याने थोडाफार चढ-उतार फिटतो, वारा मात्र फिटत नाही, हे लक्षात घ्या. समजा जाताना वाऱ्याविरुद्ध ताशी २० ने गेलात आणि येताना ३६ ने आलात. सरासरी २८ वाटते. पण जाताना १५ मिनिटं लागली, येताना सव्वाआठ, म्हणून खरी सरासरी २५.७. वाऱ्याविरुद्ध तुम्ही जास्त वेळ असता. झाडाची पानं हलत असतील तर त्या दिवशी सपाटची चाचणी घेऊ नका, चढाची चालेल.

चारही सायकलींची सरासरी : रोड २९.७, टूरिंग २८.४, हायब्रिड २६.७, काळी २५.१.

काळ्या सायकलचा आकडा परत वाचा. रोड बाइकपेक्षा १२.३ किलो जड, आणि सपाटीवर फरक साडेचार किलोमीटरचा. या साडेचारांत निव्वळ वजनाचा हिस्सा अर्धा किलोमीटरसुद्धा नाही. बाकीचा सगळा टायरचा आणि बसण्याच्या पद्धतीचा : काळ्या सायकलवर माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो आणि पुढून येणारी सगळी हवा छातीवर घेतो.

बसण्याची पद्धत केवढी मोठी गोष्ट आहे ते ब्रिटिश सायकलपटू ख्रिस बोर्डमनच्या दोन विक्रमांत दिसतं. १९९६ साली हात पूर्ण पुढे ताणलेल्या आसनात आणि हवा कापणाऱ्या सायकलवर तो एका तासात ५६.३७५ किलोमीटर गेला. पुढे जुन्या धाटणीच्या सायकलवर, जुन्या आसनात विक्रम करायचा नियम आला, तेव्हा २००० साली त्याच माणसाने तासात ४९.४४१ किलोमीटर केले. बेल्जियमच्या एडी मर्क्सच्या १९७२ च्या ४९.४३१ पेक्षा फक्त १० मीटर जास्त. माणूस तोच, रस्ता लाकडी सपाट ट्रॅकचा, आणि तासाला सात किलोमीटरचा फरक.

तुमचे आकडे दुसऱ्या गावातल्या मित्राशी ताडून बघताना एक सांभाळा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे तापमान सारखं असलं तरी इथली हवा मुंबईपेक्षा सहाएक टक्क्यांनी विरळ. तो नवी मुंबईत पाम बीच रोडला २८ ने गेला आणि तुम्ही इथे २८.४ ने, तर तुम्ही जिंकलात असं समजू नका.

एक गोष्ट बदला, एकच

एवढं झाल्यावर हायब्रिडचे ते पाच वॉट मला स्वस्थ बसू देईनात. टूरिंगवर आहेत तसेच ३५ मिलिमीटरचे मऊ टायर घेतले, दोन्ही मिळून ५,००० रुपयांच्या आसपास, आणि हायब्रिडला चढवले. जुने काढताना तोलले तर दोन्ही मिळून ४०० ग्रॅमने जड निघाले. दुसरं काही बदललं नाही. सीट तीच, हँडल तेच, चेन तीच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कधीच कळत नाही.

उतारावर ती ६० मीटरवरून ७३ मीटरवर गेली. बोपदेवला चार फेऱ्यांची सरासरी ९ मिनिटं २८ सेकंद आली, म्हणजे १७ सेकंद कमी. हा फरक आमच्या दहा सेकंदांच्या मोजपट्टीबाहेर स्पष्ट दिसतो. वर उचलण्याचा हिशेब १४५ वॉटवरून १४८.५ वर आला. हेच १७ सेकंद नुसतं वजन कमी करून मिळवायचे तर अडीच किलोंहून जास्त काढावे लागले असते. माझी रोड बाइक आणि यूसीआयची सीमा यांच्यातलं अंतर तेवढंच आहे, आणि ते पार करायला ५,००० रुपये कुठेच पुरत नाहीत. यात एक उणी बाजूही आहे : मऊ टायर काचेला, काट्याला लवकर फाटतो. रोज बाभळीच्या काट्यांतून जाणाऱ्याने जुने जाड टायर ठेवलेले बरे.

बीआरएमला कुठली?

वही उघडून दोघं बसलो. सपाटीच्या वेगाने धरलं तर २०० किलोमीटरला रोड बाइकवर पावणेसात तास, टूरिंगवर सात. खरा रस्ता सपाट नसतो आणि मी एवढा वेळ तो वेग धरूही शकत नाही, पण दोघींमधलं अंतर साधारण या मापाचं राहील. साडेतेरा तासांच्या मर्यादेत पंधरा-वीस मिनिटांसाठी मडगार्ड, कॅरिअर आणि खड्ड्यांत कंबर सांभाळणारे रुंद टायर सोडायचे का? मी टूरिंग नेली. मुलाने हायब्रिड नेली, नव्या टायरची. रोड बाइक घरी राहिली, आणि दोघंही वेळेत पोहोचलो.

वहीत एक पान अजून कोरं आहे, काळ्या सायकलचं. तिच्या मागच्या चाकाला १८ ऐवजी २२ दात्यांचा फ्रीव्हील बसतो. मग पॅडलच्या एका फेऱ्याला ५.४५ ऐवजी ४.४६ मीटर, आणि त्याच घाटात मिनिटाला ३४ ऐवजी ४१ फेरे. फ्रीव्हील आणून ठेवला आहे. चेनला दोन कड्या वाढवाव्या लागतील. रविवारी पहाटे पाचला निघायचं आहे, आणि या वेळी पहिली फेरी नानांच्या सायकलवर मुलाची आहे.